रात्री दोनचा पश्चात्ताप आणि दुपारी चारची चाहूल

प्रश्न विचारणारे गृहस्थ वास्कोचे. वय ३६, मूळ मिरजेकडचे, घराणं मराठी ख्रिस्ती. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतात. पत्नी गोव्याची, कॅथलिक, नर्स आहे. तिची नाईट असली की पाच वर्षांची मुलगी आतल्या खोलीत झोपते आणि हे बाहेर पहाटेपर्यंत फोनवर अश्लील व्हिडिओ बघत बसतात. सवय तेराव्या वर्षापासूनची. गेल्या वर्षभरात दोनदा किनाऱ्याकडच्या एका ‘मसाज’लाही जाऊन आले. दर वेळी गुडघे टेकून रडतात, शपथ घेतात. उपवासकाळात चाळीस दिवसांचं व्रत धरलं, ते दुसऱ्याच आठवड्यात मोडलं. एका प्रार्थनासभेत त्यांना सांगितलं गेलं की हे दुष्ट आत्म्याचं बंधन आहे, तीन दिवस अन्नपाण्याविना राहा. ते विचारतात: माझा विश्वास खोटा आहे का? हे पाप की आजार? बायकोला सांगू का? आणि जाता जाता एक ओळ लिहिली आहे, ‘कधी कधी वाटतं, मी नसतो तर बरं झालं असतं.’

आधी त्या ओळीबद्दल. असं वाटणं अधूनमधून डोकावून जात असेल तरी ते अंगावर काढू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो, मराठीतून बोलता येतं आणि नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जवळच. तिथे ओपीडीत जाऊन ‘झोप नाही, मरणाचे विचार येतात’ एवढं सांगितलं तरी पुढचं डॉक्टर बघतात. लैंगिक सवयीचं पहिल्याच भेटीत काढावं लागत नाही. जिवाचा विचार आधी, सवयीचा नंतर.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमचा विश्वास खोटा नाही. पण तुमचा पश्चात्ताप ज्या वेळी आणि ज्या जागी होतो, तिथे तो या चक्राचाच एक भाग होऊन बसला आहे. हे ऐकायला कठोर वाटेल, म्हणून नीट सांगतो.

रात्री दोन वाजता व्हिडिओ बंद होतो. स्वतःची किळस येते. तुम्ही गुडघे टेकता, रडता, ‘प्रभू, आता शेवटचं’ म्हणता. रडल्यावर छाती हलकी होते, झोप लागते. सकाळी उठता तेव्हा काय बदललेलं असतं? फोन उशाशीच आहे. बायकोचा ड्युटीचा तक्ता तोच आहे. कुणालाही काही कळलेलं नाही. म्हणजे रात्रीच्या रडण्याने मनावरचा ताण उतरवला, आणि ताण उतरला म्हणून दिवसा काही करायची गरज उरली नाही. व्हिडिओही ताणच उतरवत होता. मग चार-सहा दिवस बरे जातात, शपथ आठवत असते, आणि आतल्या आत ते पुन्हा भरत येतं. वीस-वीस वर्षं अशी काढलेले प्रामाणिक, प्रार्थनाशील लोक समुपदेशक म्हणून माझ्यासमोर बसलेले आहेत. त्यांच्या अश्रूंत खोट नव्हती. ते अश्रू कधीच उजेडात आले नव्हते.

पवित्र शास्त्रात दाविदाची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायाची पहिली दोन वचनं पुन्हा वाचा. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमातच राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठला आणि गच्चीवर येरझारा घालू लागला. बथशेबा, त्याचा सैनिक उरीया याची बायको, दिसते ती त्यानंतर. पडण्याची सुरुवात नजरेपासून झालेली नाही. काम सोडून घरी राहिलेला, अवेळी झोपून उठलेला, आसपास बरोबरीचा कोणी नसलेला माणूस आधी दाखवला आहे. आणि त्याची कबुली कधी येते? नाथान संदेष्टा समोर येऊन उभा राहतो तेव्हा, बाराव्या अध्यायात. मधल्या काळात दाविदाने तिला राजवाड्यात आणवलेलं आहे, त्याच्याच आज्ञेने उरीयाचा जीव गेलेला आहे, बथशेबेला दाविदापासून मूल झालेलं आहे. इतके महिने दावीद राजवाड्यात प्रार्थना करतच नव्हता असं मला वाटत नाही. पण ५१ वं स्तोत्र, त्याच्या शीर्षकात लिहिल्याप्रमाणे, नाथान त्याच्याकडे आला त्या वेळचं आहे. देवापुढे एकांतात रडणं आणि एका हाडामांसाच्या माणसापुढे ‘मी हे केलं’ म्हणणं यांत जे अंतर आहे, ते ओलांडल्याशिवाय बरं झालेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून कामाची सुरुवात रात्री दोनपासून करायची नाही, दुपारी चारपासून करायची. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक साधी वही ठेवायला सांगतो. घसरलात त्या दिवशी काय पाहिलं ते लिहू नका, त्याने काही साधत नाही. त्या दिवशी दुपारपासून काय काय घडलं ते वेळेसकट लिहा. एकाच्या वहीतलं पान त्याच्या परवानगीने, ओळख लपवून देतो:

‘४:१० – शिफ्ट संपताना साहेबांनी चार जणांसमोर झापलं. काही बोललो नाही. ५:३० – बसमध्ये उभा. ६:४५ – घर. कोणी नाही. जेवण गरम करायचा कंटाळा, चहा आणि बिस्किटं. ८ – आईचा फोन, भावाच्या पैशांवरून. हो हो म्हटलं. ९:३० – आंघोळ न करता आडवा झालो. १० – नुसते रील्स. ११:२० – सुरू.’

हे पान वाचून तो स्वतःच म्हणाला, ‘सर, हे तर चारलाच सुरू झालं होतं.’ अपमान गिळला, पोटात अन्न नाही, अंग थकलेलं, घर रिकामं आणि आईला नाही म्हणता आलं नाही म्हणून आलेली चीड. वासना या सगळ्याच्या शेवटी येते. अकरा वाजता तिच्याशी झटापट करणं फार अवघड, पण सातला भात गरम करून जेवणं कुणालाही जमतं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता माझा प्राण घे’ म्हणत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तुमच्यासारख्या पाळीवर राबणाऱ्या माणसाला तीन दिवस अन्नपाण्याविना राहायला सांगणारा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. उपवासाला मी विरोध करत नाही, पण भूक आणि जागरण हीच ज्याची घसरण्याची पायरी आहे, त्याने आत्ता तो करू नये. शरीरातलं पाणी कमी होतं ते वेगळंच.

दुष्ट आत्म्याबद्दलही स्पष्ट बोलतो. आध्यात्मिक लढाई आहे, हे मी मानतो. पण तेवीस वर्षांची सवय एका सभेत, डोक्यावर हात ठेवून उतरेल असं सांगणारा, ती न उतरल्यावर दोष तुमच्या विश्वासावर टाकून मोकळा होतो. तुमच्या मनात ‘माझा विश्वास खोटा’ हे तिथूनच शिरलं असावं. कुणी प्रार्थना करतो म्हणाला तर करू द्या. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणाला तर तिथून उठून या.

पाप की आजार? मी दोन्हींपैकी एक निवडत नाही, आणि तुम्हीही त्या खेचाखेचीत अडकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार नोंदवला आहे, तोही व्यसनांच्या गटात न ठेवता आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा सुटलेला असणं, घर, काम, तब्येत यांकडे दुर्लक्ष होणं, परिणाम भोगूनही थांबता न येणं अशी त्याची लक्षणं. त्यात एक महत्त्वाची अट आहे. त्रास केवळ ‘हे वाईट आहे’ या नैतिक टोचणीतून होत असेल तर तेवढ्यावर हे निदान करायचं नाही. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या तरुणांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण महिन्यातून एकदा घसरलेला एकोणीस वर्षांचा मुलगाही ‘मी व्यसनी आहे’ म्हणत येतो. त्याला आजार नाही. त्याला शांतपणे बोलणारा एक मोठा भाऊ हवा आहे. तुमची गोष्ट मात्र तपासून घेण्यासारखी आहे: पहाटेपर्यंत जागरण, आत लहान मूल झोपलेलं, आणि पडद्यावरून आता बाहेरपर्यंत गेलेली पावलं.

तपासताना डॉक्टर आणखी काही विचारतील. नैराश्य आहे का, दारू किती, अधूनमधून झोप न लागताही उत्साह ओसंडतो असे दिवस येतात का, कारण तो दुसरा आजार असू शकतो. कंपवातावरच्या काही गोळ्यांनीही कामवासना बेफाम वाढते. वडीलधाऱ्या माणसात हे अचानक सुरू झालं तर आधी गोळ्यांची चिठ्ठी बघावी, पाळकाला नंतर बोलवावं. लहानपणी तुमच्याशी कुणी काही केलं होतं का, हेही विचारलं जाईल. तेराव्या वर्षी हे तुम्हाला कुणी दाखवलं, तो प्रसंग आठवतो का? बऱ्याच जणांच्या बाबतीत गाठ तिथे असते.

तुमच्या पत्नी कॅथलिक आहेत म्हणून एक गोष्ट. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, २३५२ व्या परिच्छेदात, हस्तमैथुनाला पापच म्हटलं आहे. पण लगेच पुढे, माणसाची जबाबदारी ठरवताना भावनिक अपरिपक्वता, जडलेल्या सवयीचं बळ, चिंता आणि इतर मानसिक-सामाजिक कारणं लक्षात घ्यावीत, त्यांनी दोष कमी होतो, अगदी थोडाही उरू शकतो, असंही म्हटलं आहे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एवढं लिहून ठेवलेलं नसेल, पण पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात हेच बोलतो: जे करावंसं वाटत नाही तेच मी करतो. आणि तो तिथे थांबत नाही. आठवा अध्याय ‘दंडाज्ञा नाही’ या घोषणेने सुरू होतो. कृपा बरं झाल्यावर मिळणारं बक्षीस असेल तर तुम्ही कधीच बरे होणार नाही. ती आधी मिळालेली आहे म्हणूनच खरं बोलायची हिंमत करता येते.

मग बोलायचं कुणाशी? याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात सांगितलं आहे, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल. तिथे क्षमेइतकंच बरं होण्याबद्दल बोललं आहे, आणि ते ‘एकमेकांजवळ’ या शब्दावर टेकलेलं आहे. गोव्यातले कॅथलिक बांधव कुमसाराला, म्हणजे पाद्रीपाशी पापकबुलीला जातात आणि पाद्री ते कुणालाही सांगू शकत नाही, हा फार मोठा आधार आहे. पण मी असेही पुष्कळ पाहिलेत जे आपल्या गावची इगर्ज (चर्च) टाळून जुने गोंयच्या नोवेनाच्या, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या गर्दीत, अनोळखी पाद्रीपाशी, दर वर्षी तेच पाप सांगून येतात. त्या संस्कारात काही उणं नाही. पण पुढच्या आठवड्यात ‘कसा आहेस रे?’ म्हणून विचारणारं कोणी त्यांना मिळत नाही. तुम्हाला असा माणूस हवा जो तुम्हाला ओळखतो, ज्याला हे आठवेल आणि जो तरीही तुमच्याबरोबर चहा घेईल.

तो पुरुष असावा, तुमचा साहेब किंवा नातेवाईक नसावा. दुसऱ्यांची गुपितं तुमच्यापाशी बोलणारा असेल तर तुमचीही बाहेर जातील. पाळक चांगले असतील तर पाळक, नाहीतर मंडळीतला एखादा पोक्त माणूस. दारू सोडलेले, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांना जाणारे लोक गोव्यात गावोगाव आहेत. त्यांतला एखादा ओळखीचा असेल तर त्याच्याकडे जायला लाजू नका. लाज कशी बोलायची हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याच बारा पायऱ्यांच्या पद्धतीवर लैंगिक सवयींसाठी चालणारे गटही आहेत, ऑनलाइन बैठका होतात. पहिलं वाक्य घरीच पाठ करून जा: ‘मला एक गोष्ट सांगायची आहे, तेरा वर्षांचा असल्यापासून ती कुणालाच सांगितलेली नाही.’ एवढं तोंडातून निघालं की पुढचं येतं.

फोनवर कुलूप घालणारी अॅप्स लावावीत का? लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका, ती काढायलाही तुम्हालाच येतं. त्यापेक्षा नाईटच्या रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून आतल्या खोलीत मुलीजवळ झोपायला जा. रिंग मोठी ठेवा म्हणजे पत्नीचा फोन ऐकू येईल. ओढ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ अंग हलतं ठेवा, भांडी घासा, जिना उतरून या, त्या माणसाला फोन लावा.

बायकोला सांगायचं का? तुम्ही मसाजला गेलात तिथे नेमकं काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. शारीरिक संबंध झाला असेल तर हा केवळ तुमच्या मनाच्या शांतीचा प्रश्न राहत नाही, तिच्या शरीराचाही आहे. गोमेकॉत किंवा म्हापशा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. इतर गुप्तरोगांचीही करून घ्या. शेवटच्या वेळेला तीन महिने झाले नसतील तर तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर निरोधाशिवाय संबंध नकोत, आणि एवढ्या एका कारणासाठीही तिला सत्य कळण्याचा हक्क आहे. (पुढे कुणावर अशी वेळ आली तर हे लक्षात असू द्या: बहात्तर तासांच्या आत इस्पितळात गेल्यास एचआयव्ही टाळण्याची औषधं सुरू करता येतात.)

पण उद्याच सांगू नका. ती नाईट करून दमून आली आहे, तुम्हाला रडू अनावर झालंय आणि तुम्ही सगळं ओतून मोकळे झालात, असं करू नका. त्यात हलकं वाटतं ते तुम्हाला, ओझं जातं तिच्यावर. आधी चार-सहा आठवडे समुपदेशकाबरोबर काम करा, चाचण्या करा, लिहून काढा. मग तिच्या सुट्टीच्या दिवशी, मुलगी घरी नसताना, शक्य तर समुपदेशकासमोर, एकदाच आणि पूर्ण सांगा. आज थोडं, पुढच्या महिन्यात पकडलं गेल्यावर आणखी थोडं, असं केलं तर मूळ कृत्यापेक्षाही त्याने विश्वास जास्त तुटतो. अंगावर काटा येईल असे तपशील सांगू नका. कधीपासून, काय प्रकार, कितीदा, पैसे किती गेले, तिला आजाराचा धोका आहे का, एवढं सांगा. आणि त्याच बैठकीत क्षमा मागून तिच्याकडून ‘हो’ काढून घेऊ नका. ती ओरडेल, माहेरी जाईल, महिनोन्‌महिने तेच तेच विचारेल. ते सगळं तिच्या जखमेचं आहे, त्याला उत्तरं देत राहायचं. कुणी पाद्री किंवा पाळक तिला म्हणाला की ‘नवऱ्याला वेळ दे, म्हणजे तो बाहेर जाणार नाही’, तर ते सरळ खोडून काढायचं काम तुमचं. तिने काही कमी केलं म्हणून हे झालेलं नाही. तुमचा फोन तपासण्याची नोकरीही तिला देऊ नका. तिला बोलायला स्वतःची वेगळी समुपदेशक मिळू द्या.

त्या मसाजच्या खोलीतल्या बाईबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. वास्कोतल्या बायण्याची वेश्यावस्ती २००४ मध्ये पाडली गेली, पण धंदा संपला नाही, तो लॉज, पार्लर आणि फोनवर पांगला. त्यांतल्या कितीतरी जणी कर्जाने किंवा फसवून आणलेल्या असतात. बथशेबेला राजवाड्यात आणलं गेलं तेव्हा तिला काय हवं हे कुणी विचारल्याचं त्या अध्यायात कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या पश्चात्तापात त्या बाईलाही जागा असू द्या.

इतरांसाठी दोन गोष्टी, कारण असे प्रश्न घेऊन येणारे सगळे सारखे नसतात. वर्तन मुलांशी संबंधित असेल, लपून कुणाचं चित्रण केलेलं असेल, कुणावर जबरदस्ती झाली असेल, तर ती ‘सवय’ नव्हे, गुन्हा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाचे व्हिडिओ शोधणं, पाहणं, साठवणं हाही माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ख खाली गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर आम्हा समुपदेशकांना ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो, कारण माझ्यापाशी काय गुप्त राहील आणि काय नाही हे येणाऱ्याला आधी माहीत हवं. तरीही या, कारण थांबण्यासाठी मदत तिथेही मिळते. दुसरं, व्हिडिओ कॉलवर फसवून कुणी पैसे उकळत असेल तर एक रुपयाही देऊ नका, पुरावे पुसू नका, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. या धमक्यांपायी जीव देणारी मुलं आहेत, आणि तो कॉल करणारा दिवसभर हेच शंभर जणांशी करत असतो.

तुम्ही पुन्हा घसराल, बहुतेक जण घसरतात. त्या वेळी सगळ्यात जास्त नुकसान पुढच्या विचाराने होतं: ‘आता मोडलंच आहे, तर आजची रात्र गेलीच.’ एका व्हिडिओची पहाट त्याने होते, एका रात्रीचे तीन आठवडे होतात. चाळीस दिवसांचं अखंड व्रत म्हणूनच मी सुचवत नाही, त्यात पहिला तडा हाच शेवट ठरतो. त्याऐवजी एकच नियम पाळा: घसरल्यापासून चोवीस तासांच्या आत त्या माणसाला कळवायचं आणि वहीत त्या दिवसाची दुपार लिहायची. तीन महिन्यांनी वही उलटून बघा. खंड वाढलेत का, लपवण्याचा काळ कमी झालाय का, मुलीशी खेळताना डोकं तिथे असतं का, यावरून सुधारणा मोजा.

प्रार्थनेची वेळही बदला. रात्री दोनची राहू द्या, ती तुमची आणि देवाची आहे. पण शिफ्ट सुटताना, बसची वाट बघत असताना दोन मिनिटं थांबून देवाला सांगा की आज साहेबांचा राग आलाय, भूक लागलीय, घरी कोणी नाही आणि मला भीती वाटतेय. पत्नीच्या ड्युटीच्या तक्त्यात पुढची नाईट कधी आहे ते आज बघून ठेवा, आणि त्या संध्याकाळी सात वाजता ज्याला फोन करणार त्याला तारीख आधीच सांगून ठेवा.